कोच सोडून गेला तर?

लेक हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये गेली आणि आमच्या शुक्रवारच्या संध्याकाळी स्टेडियममध्ये जायला लागल्या. डॅलसच्या उपनगरात राहतो आम्ही, इथे शाळेची अमेरिकन फुटबॉलची मॅच म्हणजे सण असतो, जवळच ॲलनच्या हायस्कूलचं स्टेडियम आहे त्यात १८ हजार माणसं बसतात आणि ते बांधायला ६ कोटी डॉलर लागले. सुरुवातीला मी फक्त हाफटाइमला बँड बघायचे. मग शेजारचा पोरगा टीममध्ये खेळायला लागला आणि माझं लक्ष मैदानावर गेलं ते गेलंच.

हा पोरगा ऑफेन्सिव्ह लाइनमन. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, पुढे भिंत म्हणून जे पाचजण उभे राहतात त्यातला एक, बॉल त्याच्या हातात जवळपास कधीच येत नाही, टीव्हीवर नाव तेव्हाच घेतात जेव्हा चूक होते. साडेसहा फुटाच्या आसपास उंची, वागायला मात्र एकदम मऊ, आमच्याकडे आला की शूज दाराबाहेर काढतो. त्याचं रिक्रूटिंग, म्हणजे युनिव्हर्सिटी आपल्या टीमसाठी हायस्कूलची पोरं निवडतात ते, मी दोन वर्षं अगदी जवळून बघितलं कारण त्याची आई आणि मी रोज सकाळी एकत्र चालायला जातो, आणि या विषयावर लोक जे छातीठोकपणे बोलतात ना की आजकाल पोरं फक्त पैसा बघतात, ते ऐकलं की मला राहवत नाही म्हणून हे लिहितेय.

आधी ऑफर म्हणजे काय ते सांगते कारण मला पण हे माहीत नव्हतं. कोच फोनवर किंवा कॅम्पमध्ये सांगतो की आमची तुला ऑफर आहे, पोरगा लगेच सोशल मीडियावर टाकतो, सगळे अभिनंदन करतात. पण ती तोंडी असते, कुणालाच बांधून ठेवत नाही, लेखी ऑफर बारावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत देताच येत नाही. आणि कोच लोक जेवढ्या जागा असतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पोरांना ऑफर देऊन ठेवतात. म्हणून जाणकार लोक पहिला प्रश्न हा विचारतात की आज कमिट केलं, म्हणजे तुमच्याकडेच येतो असं सांगितलं, तर घ्याल का? या एका प्रश्नावर अर्ध्या ऑफरी विरघळतात. या पोराला एका मोठ्या युनिव्हर्सिटीने, नाव घेत नाही, दहावी संपताना ऑफर दिली होती, रोज मेसेज, त्यांच्या जर्सीतला त्याचा फोटो घालून बनवलेली पोस्टरं, वाढदिवसाला हाताने लिहिलेलं पत्र. अकरावीच्या मधेच एके दिवशी मेसेज थांबले. कुणी नाही म्हणालं नाही, नुसते थांबले. दोन आठवडे तो पोरगा फोन उलटा ठेवून जेवायला बसायचा असं त्याची आई सांगत होती आणि सांगताना तिचा आवाज बदलला होता.

मग व्हिजिट सुरू झाल्या. ऑफिशियल व्हिजिट म्हणजे सगळा खर्च युनिव्हर्सिटीचा, दोन दिवस, आईवडील सोबत. झगमगाट असतो हे खरं आहे. क्लेमसन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल बिल्डिंगमध्ये तर खेळाडूंसाठी घसरगुंडी आहे, ओरेगन युनिव्हर्सिटीत नाइकीचे संस्थापक फिल नाइट यांच्यामुळे जे उभं राहिलंय ते बघायला लांबून पोरं येतात. सतरा वर्षांच्या पोराला त्या लॉकर रूममध्ये उभं केलं, स्वतःच्या नावाची जर्सी घातली, लाइट पडले, फोटो काढले, की कुणाचंही मन हलेल. पण गंमत अशी की तीन-चार ठिकाणी गेल्यावर पोरांना सगळ्या लॉकर रूम सारख्याच दिसायला लागतात. त्याने घरी येऊन कधी बिल्डिंगबद्दल सांगितलंच नाही. सांगितलं ते असं की एका ठिकाणी सीनिअर लाइनमन त्याला जेवायला घेऊन गेले आणि कोच जवळ नसताना पण कोचबद्दल चांगलंच बोलत होते. दुसऱ्या एका ठिकाणी पोरं कोच आला की गप्प व्हायची. हे त्याने टिपलं, मला फार कौतुक वाटलं त्याचं.

पैसा? आहे ना, कोण नाही म्हणतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमवायची परवानगी मिळाली, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाला एका युनिव्हर्सिटीला सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं, लाखभर लोक शनिवारी तिकीट काढून ज्यांना बघायला येतात त्यांना काहीच मिळू नये हा अन्याय होता. पण पैशाच्या बातमीत पण बाकीचं बघा. हायस्कूलचा क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट) सोडून मिशिगन युनिव्हर्सिटीकडे वळला तेव्हा सगळीकडे रकमेचीच चर्चा, पण तो मूळचा बेलव्हिलचा, युनिव्हर्सिटीचं गाव ॲन आर्बर तिथून अर्ध्या तासाच्या आत. घराजवळ खेळायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही हो. आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये ट्रॅव्हिस हंटर, देशातल्या सगळ्यात वरच्या पोरांपैकी एक, ऐनवेळी फ्लोरिडा स्टेट सोडून जॅक्सन स्टेटला गेला, खालच्या डिव्हिजनमध्ये, कारण तिथे एकेकाळचे स्टार खेळाडू डिऑन सँडर्स कोच होते. पुढे सँडर्स कोलोराडोला गेले तर हा पण मागोमाग गेला आणि २०२४ ची हाइजमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, घेतली. माणूस बघून गेला तो.

आणि इथेच सगळ्यात मोठी अडचण आहे, पोरं माणूस बघून जातात आणि माणूस राहत नाही. हेड कोच तर सोडाच, पोझिशन कोच, म्हणजे जो या पोराला रोज शिकवणार, तो दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातो, कधी बढती मिळून, कधी काढून टाकल्यामुळे. पूर्वी तर पोरगा सही करायचा ती युनिव्हर्सिटीशी, कोचशी नाही, कोच दुसऱ्या दिवशी गेला तरी पोरगा अडकला, दुसरीकडे गेला तर एक वर्ष बसून राहा. २०२१ पासून न बसता बदलता येतं आणि ते सहीचं जुनं पत्रही २०२४ मध्ये बंद केलं. पण त्याच ट्रान्सफरच्या वाटेमुळे हायस्कूलच्या पोरांच्या जागा आटल्या. बावीस वर्षांचा, कॉलेजमध्ये खेळून झालेला तयार लाइनमन मिळत असेल तर कोच अठरा वर्षांच्याला दोन वर्षं घडवत कशाला बसेल? तीन स्टारवाल्या, म्हणजे पाचपैकी तीन स्टारचं रेटिंग असलेल्या मधल्या फळीतल्या पोरांना हे सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून मला त्याच्या आईचं वागणं फार पटलं. एका कोचची घरी भेट होती, मी डेझर्ट द्यायला गेले आणि तिने बसवूनच घेतलं. टेबलावर तिची शाळकरी वही, प्रत्येक युनिव्हर्सिटीला एक पान, त्यावर पगार किंवा रक्कम सगळ्यात खाली, वरती अंतर, इंजिनिअरिंगला लॅबच्या वेळी प्रॅक्टिस असते का, त्याच्या जागेवर सध्या कोण कोण आहे आणि ते कुठल्या वर्षाला आहेत. कोच छान बोलत होता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही सोडून गेलात तर माझ्या मुलाला त्या बिल्डिंगमध्ये कोण ओळखत असेल?"

तो थांबला. खरंच थांबला, काटा खाली ठेवला. मग म्हणाला, मी कायम राहीन असं खोटं सांगणार नाही, आणि चार नावं सांगितली, स्ट्रेंथ कोच, अभ्यासाचं बघणारी बाई, ट्रेनर, आणि दुसऱ्या वर्षाचा एक लाइनमन. तिने चारही नावं लिहून घेतली आणि पुढच्या व्हिजिटला त्या चौघांना शोधून भेटून आली.

युनिव्हर्सिटीशी सही करायच्या दहा दिवस आधी तो कोच गेला. दुसऱ्या नोकरीवर. सकाळी चालताना तिने सांगितलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. दोन ठिकाणांहून लगेच फोन आले, त्यातल्या एकाची रक्कम बरीच जास्त होती. त्या रात्री पोराने वहीतल्या त्या चौघांपैकी तिघांशी बोलून घेतलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी शाळेच्या जिममध्ये त्याच युनिव्हर्सिटीसाठी सही केली. गाडीने तीन तास लागतात तिथे पोचायला. आई एका साध्या शनिवारी, मॅच नसताना, एकटी जाऊन येऊन बघून आली होती की रात्री उशिरा परत येणं जमतंय का.

पहिलं वर्ष रेडशर्ट आहे, म्हणजे प्रॅक्टिस सगळी, मॅच जवळपास नाहीच. तो दुसऱ्या वर्षाचा लाइनमन आता त्याचा रूममेट आहे. या शनिवारी घरच्या मैदानावर मॅच आहे, तो खेळणार नाही हे माहीत आहे तरी आम्ही दोघी जातोय, पहाटे सहाला निघायचं ठरलंय.