काय करी ऱ्हायना?

माझा गेम लहानसा. चोपड्याकडच्या मळ्यातून केळीचे घड उचलून ट्रकपर्यंत न्यायचे, वाटेत माणसं भेटतात, ती बोलतात. माय अमळनेरची, म्हणून बोली अहिराणी. (यावलचा एक मित्र लेवा बोली घेतली नाही म्हणून अजून रुसलेला आहे.)

पहिलंच वाक्य होतं, ‘काय करी ऱ्हायना?’, म्हणजे ‘काय करतोयस?’ पडद्यावर ऱ्ह ऐवजी नुक्त्याचा र, त्याला लोंबणारा हलंत आणि शेजारी तुटक ह असं आलं. ‘पिकली केळी’चं ‘पकिली केळी’ झालं. मी महिनाभर फाँटच बदलत बसलो. नोटो झाला, मुक्ता झाला, बालू झाला. दोष त्यांचा नव्हताच.

जळगावला डीटीपी करणाऱ्या नानांनी गोष्ट उलगडून दिली. त्यांच्या जुन्या फाँटांमध्ये वेलांटी आधी टाइप करायची, मग अक्षर. जे दिसतं तेच साठवलं जातं. युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे फोन आणि संगणक अक्षरांसाठी वापरतात त्या सामाईक कोडांत, आपण उच्चारतो तसं, आधी प, मग वेलांटी. ती उचलून प च्या आधी नेऊन बसवणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, जोडाक्षर जुळवणं ही कामं शेपर नावाचा वेगळा भाग करतो. फाँटमधले नियम वाचायचे तेही त्यानेच. माझ्या इंजिनात, म्हणजे गेम ज्यावर बनवत होतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, तो नव्हता. एका कोडाला एक आकार, आणि ओळीने मांडत जायचं, एवढंच त्याला येत होतं.

नाना म्हणाले, “मग जुन्याच फाँटात टाइप करून टाक ना.” टाकलं, आणि चाललंही! पण खेळणाऱ्याने स्वतःचं नाव टाइप केलं की सगळी गिचमिड. वाक्यांची चित्रं करून लावायचंही करून पाहिलं. मायने चाळीसेक वाक्यांत चुका काढल्या, तेव्हा तो नाद सोडला.

शेवटी गोडो 4 या दुसऱ्या गेम इंजिनावर आलो. ही आवृत्ती मार्च 2023 मध्ये आली, आणि तिच्या टेक्स्टसर्व्हरच्या, म्हणजे मजकूर मांडणाऱ्या भागाच्या, प्रगत प्रकारात हार्फबझ हा शेपर आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये मराठी जुळवतो तोच हा. मजकूर चिकटवला आणि ऱ्ह नीट उभा राहिला. मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो.

तरी दोन गोष्टींनी रडवलं. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली. इंग्रजीत शोभतं ते इथे चालत नाही. अंतर शून्य ठेवलं आणि आकार वाढवला. दुसरी गोष्ट, संवाद एकेक अक्षर उमटत जाण्याची. ‘किती’ लिहिताना आधी क यायचा, मग वेलांटी त्याला धक्का देऊन उजवीकडे सरकवायची. ‘त्र’ आधी त, मग पाय मोडका त्, मग त्र. वाचताना डोळे दुखायचे. कारण मजकूर आधी कापला जात होता आणि मग जुळवला जात होता. दिसणाऱ्या अक्षरांच्या वागणुकीचं सेटिंग ‘जुळवणीनंतर’ असं केलं आणि उड्या थांबल्या. एवढ्याशा ड्रॉपडाउनसाठी माझे तीन रविवार गेले.

आणखी एक बारीक गंमत. ल आणि श चे मराठी वळणाचे वेगळे आकार काही फाँटांत दडलेले असतात. मजकूर दाखवणाऱ्या लेबलच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड टाकला की ते बाहेर येतात. शाळेत गिरवलेला ल पडद्यावर दिसला तेव्हा उगाच बरं वाटलं.

गेम फोनवर चढवून मायला दिला. चष्मा लावून तिने ‘काय करी ऱ्हायना?’ मोठ्याने वाचलं, अडखळली नाही. मी वाट पाहत होतो. तिचं लक्ष मात्र खांद्यावर घड घेऊन पळणाऱ्या पोऱ्याकडे.

“घड इतला हलका ऱ्हास का रे?”