तुम्ही विचारलंत म्हणून: भंगारातली शेगडी

"नवी गॅसची शेगडी दोन-अडीच हजारांत घरपोच येते. मग तुम्ही भंगारात काय हुडकत असता?"

हा प्रश्न मला शेजारी विचारतात, पाहुणे विचारतात, सिलिंडर घेऊन येणारा पोरगा विचारतो. ज्याच्याकडून शेगडी घेतो तो भंगारवालासुद्धा विचारतो. लग्नाच्या पंक्तीत कुणी विषय काढला तर मी हसून वेळ मारून नेतो, कारण जिलेबी वाढली जात असताना कॉकमधल्या, म्हणजे नॉबमागच्या गॅसच्या तोटीतल्या, ग्रीसबद्दल बोलणं बरं दिसत नाही. आता तुम्ही नीट विचारलंत म्हणून नीट सांगतो.

माझी सगळी नोकरी सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत झाली. धातू बघायची सवय डोळ्याला लागली की निवृत्तीनंतरही सुटत नाही. कुणाकडे चहाला गेलो की माझी नजर आधी ओट्यावर जाते. सौभाग्यवतींचं म्हणणं, लोकांना वाटतं ह्यांना चहाची घाई झालीय.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. जुन्या शेगड्यांतही हलक्या मालाच्या पुष्कळ होत्या. पत्रा पातळ, कोपऱ्यातून गंजलेला, बर्नर बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि वर नुसती पितळी टोपी. मी शोधतो ती खोलता येणारी शेगडी. चार स्क्रू काढले की वरचा पत्रा निघावा, कॉक आट्यांवरून सुटावा, जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, पान्ह्यानं फिरावा आणि बिघडलेला तेवढाच भाग बदलता यावा. अशी नव्यात मिळाली तर मी नवी घेईन. मिळतेही कधी कधी. पण खोक्यावर तसं काही लिहिलेलं नसतं, आणि दुकानात शेगडी उलटी करून खोलून कोण बघू देतंय?

मुलाच्या लग्नानंतर आमच्या घरी काचेची, तीन बर्नरची शेगडी आली. कंपनीचं नाव घेत नाही, पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या ओट्यावर ती असेल. वॉरंटी संपली आणि मधला नॉब जड झाला. दुकानात गेलो तर मालक म्हणाले, "काका, ह्या मॉडेलचा कॉक आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवी घ्या, पाचशे कमी करतो." कॉक म्हणजे बोटाएवढी वस्तू हो! घरी येऊन खोलला, तर हलक्या अॅल्युमिनियमचा आणि रिव्हेट मारून बंद केलेला. म्हणजे तो दुरुस्त होऊच नये अशी व्यवस्था कारखान्यातच करून ठेवलेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कॉक आतून कसा असतो ते सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. आत एक निमुळता पितळी गट्टू असतो, तितक्याच निमुळत्या घरात घासून बसवलेला. गट्टूला भोक असतं. नॉब दाबून फिरवला की ते भोक गॅसच्या वाटेसमोर येतं. गट्टू आणि घर यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर असतो, गॅस अडवायचं काम तोच करतो. वर्षानुवर्षं खालून-वरून धग लागली की ग्रीस वाळतं आणि नॉब हलेनासा होतो. मग लोक फटीतून खोबरेल सोडतात, शिलाई मशीनचं तेल सोडतात. तसं करू नका. नॉब दोन दिवस लोण्यासारखा फिरतो, पण उरलंसुरलं ग्रीस धुऊन जातं आणि गॅस गळायला लागतो. जुन्या पितळी कॉकचा गट्टू काढायचा, थिनरनं धुऊन कोरडा करायचा, उजेडात धरून बघायचा. अंगावर आडवा ओरखडा नसेल तर उष्णता सोसणारं ग्रीस लावून बसवायचा, पुढची कैक वर्षं तो बोलत नाही. ओरखडा असेल तर कॉक बाद, तिथं कंजुषी नाही. नंतर जोडांवर साबणाचं पाणी. काडी ओढून गळती बघणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या स्वयंपाकघरात मी थांबत नाही.

आता भंगाराकडे येऊ. शेगडी दुकानात आली की भंगारवाला सगळ्यात आधी बर्नर उपटतो. पितळेचा भाव वेगळा, लोखंडाचा वेगळा. बर्नर पितळेच्या मोडीत गेले, की मागं राहिलेला सांगाडा माझ्या कामाचा नाही. शंभर फुटी रोडवरचा एक ओळखीचा आहे, तो लांबूनच ओरडतो, "मामा, उशीर केलासा! सकाळीच हाणली." म्हणून मी भंगाराच्या दुकानापेक्षा पाडकामाच्या बातमीवर लक्ष ठेवतो. विश्रामबागेत जुना बंगला पाडून अपार्टमेंट होणार असलं की स्वयंपाकघरातलं सामान आधी अंगणात येतं. तेव्हा पोचलं तर काम होतं.

हातात आली की पहिल्यांदा बर्नर उचलून बघायचा. भरीव पितळ हाताला कळतं. तरी शंका असेल तर खालच्या बाजूला कानशीचा एकच फटका मारा. आतही पिवळंच दिसलं तर पितळ, पांढरट दिसलं तर वर नुसतं पाणी चढवलंय. अंगाच्या स्टीलला मात्र लोहचुंबक लावून फसू नका. चुंबक चिकटत नाही म्हणजे भारी स्टील, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. ३०४ नंबरच्या भारी स्टीलला चिकटत नाही हे खरं, पण २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त. मीठ-चिंचेच्या ओट्यावर ते लवकर डागाळतं. मी चुंबकापेक्षा जाळीखालचा कोपरा बघतो. दूध वर्षानुवर्षं तिथंच उतू जातं. तिथं पत्रा शाबूत असेल तर बाकीची चिंता नाही.

माझ्याकडच्या बऱ्याच शेगड्या मात्र पुराच्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५, यावरून अंदाज करा. पाणी ओसरल्यावर गावभागात दारोदारी ढीग लागले होते: गाद्या, कपाटं, फ्रीज, मिक्सर आणि त्यात शेगड्या. मोटार असलेली प्रत्येक वस्तू गेलेली. शेगडीत मोटार नाही, वायर नाही, पण ते बघायला त्या दिवसांत कुणाला उसंत होती? ज्यांनी "न्या की, जागा तरी होईल" म्हटलं त्यांच्या मी आणल्या. मिक्सिंग ट्यूबमध्ये, म्हणजे गॅस आणि हवा मिसळतात त्या नळीत, गाळ अगदी विटेसारखा बसलेला. ट्यूब रात्रभर पाण्यात ठेवून ब्रशनं साफ केली, जेट थिनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरची हवा मारली. जेटमध्ये सुई घालायची नाही. भोक केसभर वाढलं तरी गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही आणि ज्योत पिवळी होऊन भांडी काळी करते. त्यातल्या दोघींना मूळ मालकांनीच नंतर ओळखलं आणि परत नेलं. पैसे घेतले नाहीत, पण एका घरातून हळदीच्या पानातल्या पातोळ्या आल्या.

पुढचा प्रश्न ओघानं येतोच. "मग कुठल्या कंपनीची बघायची?"

पूर्वी मी नाव सांगायचो. आता सांगत नाही. आमच्या पिढीचा स्वयंपाकघरातला विश्वास म्हणजे सुमीत मिक्सर. माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरचा जर्मन मिक्सर बंद पडला, दुरुस्त होईना, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी आपल्या वाटणाला झेपेल असा मिक्सर बनवला. म्हणजे जन्मच दुरुस्तीच्या अडचणीतून. पुढे सुमीत हे नाव कुणी वापरायचं यावरून घरातच वाद झाला आणि १९९४ मध्ये तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. शेगड्यांचंही बघा. बटरफ्लाय २०२२ मध्ये क्रॉम्प्टनकडे गेली, सनफ्लेम २०२३ मध्ये व्ही-गार्डकडे. प्रीती मिक्सर २०११ मध्ये फिलिप्सनं घेतला आणि दहा वर्षांनी फिलिप्सनं आपला घरगुती उपकरणांचा अख्खा धंदाच विकला. मालक बदलला म्हणजे माल बिघडला असं मी म्हणत नाही, सुधारतही असेल. पण आईनं ज्या नावावर भरवसा ठेवला ते नाव खोक्यावर तसंच राहतं, आणि आतला कॉक कुणी ठरवला हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

उलटं उदाहरण साताऱ्याचं. महाराष्ट्र स्कूटर्स बजाजच्या साथीनं तिथं प्रिया स्कूटर बनवायची. प्रिया बंद होऊन जमाना झाला, पण इंजिन बजाजच्याच घराण्यातलं, म्हणून जुन्या मेकॅनिककडे तिचं सामान अजून निघतं. मेलेल्या ब्रँडचे पार्ट मिळतात आणि वॉरंटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या जिवंत ब्रँडचा कॉक मिळत नाही! मी कुणावर विश्वास ठेवावा?

भाचा ओहायोत असतो, त्यालाही हाच किडा चावलाय. तिकडं परसात मांस-भाज्या भाजायला गॅसची मोठी ग्रिल असते. तो नवी न घेता वेबर कंपनीची जुनी जेनेसिस शोधत फिरतो. ते मॉडेल १९८५ चं. भट्टीचा खालचा भाग ओतीव अॅल्युमिनियमचा, त्यामुळे तो गंजत नाही. बर्नर, जाळ्या, बर्नरवरच्या तिरक्या पट्ट्या बदलल्या की गडी पुन्हा उभा. वेबरही २०१० मध्ये गुंतवणूकदारांच्या हाती गेली, २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, २०२३ मध्ये बाहेर पडली. त्याहून रंगीत गोष्ट तिकडच्याच सनबीम या ग्रिलवाल्या कंपनीची, तीही त्यानंच सांगितली. ग्रिल उन्हाळ्यात खपतात. १९९७ मध्ये सनबीमनं थंडीच्या तोंडावरच दुकानदारांच्या नावानं ग्रिलची बिलं फाडली, माल मात्र गोदामातच ठेवला, आणि कागदावर विक्री फुगवली. १९९८ मध्ये बिंग फुटलं, साहेबांना घालवलं, २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. ज्यांचं लक्ष बिलांवर होतं त्यांचं बर्नरवर कितपत असेल?

एकदा त्यानं व्हिडिओ पाठवला, "मामा, ज्योत पिवळी येतेय आणि एका बाजूनं पेटतच नाही." मी म्हटलं, ट्यूबमध्ये डोकाव. आत कोळ्याचं जाळं! तिकडं हा नेहमीचाच त्रास, म्हणून ट्यूबच्या तोंडाशी बारीक जाळी लावतात. आपल्याकडे झुरळ निघतं, एवढाच फरक. गॅसचा दाबही जवळपास सारखाच. त्यांच्याकडे ११ इंच उंच पाण्याच्या दाबाइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २८ ग्रॅम, आपल्या रेग्युलेटरचा ३०.

तरी प्रत्येकानं माझ्यासारखं करावं असं नाही. पान्हा हातात धरायची सवय नसेल, ओळखीचा मेकॅनिक नसेल, तर सरळ नवी घ्या. घरगुती शेगडीला आता आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्या मानकात, आयएस ४२४६ मध्ये, जळलेल्या गॅसची किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला लागली पाहिजे अशी अट आहे. भंगारातली माझी शेगडी ती परीक्षा पास होईलच याची हमी मी देणार नाही. जुनी घेतलीत तर काचेची घेऊ नका. काचेला कडेला बसलेला टवका दिसत नाही आणि एक दिवस कुकरखाली ती फुटते. जुनी नळी फुकट दिली तरी नको. तारेची जाळी असलेली नवी केशरी नळी घ्या आणि पाच वर्षांनी तीही बदला. पाइपलाइनचा गॅस आला असेल तर जेट वेगळे लागतात, सिलिंडरचे चालत नाहीत.

आणि नवी घेताना दुकानदाराला तारे किती, काच किती जाड हे विचारू नका. विचारा, "ह्याच मॉडेलचा एक सुटा कॉक आत्ता काउंटरवर ठेवता का?" ठेवला तर कंपनी कुठलीही असो, घेऊन टाका. "तशी वेळच येत नाही साहेब" म्हणाला तर चहा पिऊन बाहेर पडा.

माझ्याकडे मागायला येणाऱ्यांसाठी सांगतो, सध्या दोन बर्नरची एक पितळी तयार आहे, पण ती मेहुणीनं सांगून ठेवलीय. पुढची कुठला बंगला पडतोय त्यावर.