लेसॅनचा रेल

शनिवार, रात्री

जेमतेम 15 सेंटीमीटरचा पक्षी. आपल्याकडच्या फटाकडीचा भाऊबंद, पण उडता न येणारा. हवाईच्या वायव्येकडच्या बेटांच्या माळेत लेसॅन नावाचं साधारण चार चौरस किलोमीटरचं बेट आहे, तेवढंच त्याचं जग. माश्या टिपायच्या, गवताच्या झुबक्याखाली घरटं करायचं, आणि समुद्रपक्ष्यांची अंडी मिळाली तर सोडायची नाहीत. मोठं अंडं त्याच्या चोचीला फुटत नसे. मग तिथला जाड चोचीचा फिंच ते फोडेपर्यंत हा शेजारी घुटमळायचा आणि आयत्यावर ताव मारायचा.

1903 च्या सुमारास तिथे ससे सोडले, मांसाचा धंदा करायचा म्हणून. धंदा राहिला बाजूला, ससे मात्र वाढले. ससा काही रेलला खात नाही. तो गवत खातो. गवत गेलं की वाळू मोकळी होते, वारा ती उडवत नेतो, घरट्याला आडोसा उरत नाही, किडेही जातात. 1923 मध्ये टॅनेजर नावाच्या अमेरिकी शास्त्रीय मोहिमेने उरलेसुरले ससे मारले, तेव्हा बेटाचं पार वाळवंट झालं होतं. त्याच माळेतल्या मिडवे बेटांवरून आणून सोडलेले थोडे रेलही टिकले नाहीत. घाईच ती. आधी गवत यायला हवं, मग पक्षी.

मिडवेवर रेल होते, कारण 1891 मध्येच लेसॅनवरून तिथे नेऊन सोडले होते. तिथे ते चांगले रुजले. म्हणजे जात वाचल्यात जमा होती! इकडे लेसॅन हळूहळू पुन्हा हिरवं होत गेलं. पक्षी होते, घर तयार होत होतं, मधे फक्त बोटीचा प्रवास. तो राहून गेला.

1943 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, नौदलाची एक बोट मिडवेच्या किनाऱ्याला लागली आणि तिच्यातून उंदीर उतरले. जमिनीवरचं घरटं, उडता न येणारा पक्षी. अंडी, पिल्लं, उबवायला बसलेला पक्षी, सगळं उंदराच्या तोंडासमोर. 1944 नंतर रेल कुणाला दिसला नाही. सशांपेक्षा मला हे एक वर्ष जास्त खुपतं.

आता लेसॅनवर उतरायचं तर कपडे कोरे लागतात, तेही 48 तास गोठवलेले, एखादं बी किंवा किडा जाऊ नये म्हणून. मिडवेवरचे उंदीर 1990 च्या दशकात संपवले. 2004-05 मध्ये लेसॅनची 42 बदकं तिथे नेऊन सोडली. ती वाढली.