नवं बिऱ्हाड, रिकामी मांडणी

पॉवरशेल म्हणजे विंडोजला लिहून आज्ञा देण्याचं साधन. त्याच्या निळ्या खिडकीत जी स्क्रिप्ट मुकाट चालते, तीच सी-शार्पच्या प्रोग्रॅममधून चालवली की ओळखच दाखवत नाही. ‘अशी कुठली आज्ञा नाही’ म्हणून मोकळी. स्क्रिप्टमधला स्वल्पविरामही हललेला नसतो. हललेलं असतं बिऱ्हाड.

खिडकी उघडताना प्रोफाइलची फाइल आधी चालते. त्यात कधीकाळी कुणीतरी ‘इम्पोर्ट-मॉड्यूल’च्या, म्हणजे मॉड्यूल नावाचा आज्ञांचा गठ्ठा आत आणण्याच्या, दोन ओळी लिहून ठेवलेल्या असतात आणि त्या सगळे विसरलेले असतात. प्रोग्रॅम मात्र स्वतःची रनस्पेस, म्हणजे आज्ञा चालण्याची वेगळी जागा, उघडतो. तिथे प्रोफाइल चालत नाही. भांडी आपली आपण न्यायची. २००६च्या पहिल्या आवृत्तीत तर मॉड्यूलऐवजी स्नॅप-इन असायचे, मशीनवर रीतसर नोंदवावे लागणारे. मॉड्यूल आले २००९मध्ये, आणि २०१२च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते आज्ञा दिल्यावर आपोआप लोड होऊ लागले. सोय झाली, सवयही बिघडली. कारण मॉड्यूलची ही शोधाशोध फक्त पीएस-मॉड्यूल-पाथ या यादीतल्या फोल्डरांतच होते.

घाईत लोक ‘अ‍ॅड-कमांड’ने इम्पोर्ट-मॉड्यूल देतात आणि लगेच दुसऱ्या ‘अ‍ॅड-कमांड’ने आपली आज्ञा. मध्ये ‘अ‍ॅड-स्टेटमेंट’ नसेल तर दोन्ही एकाच पाइपलाइनला जुंपल्या जातात, पहिलीचं उत्तर दुसरीच्या तोंडी जातं आणि मग विचित्र चुका निघतात. नीटनेटकी वाट वेगळी आहे. रनस्पेस काय घेऊन उघडेल ते ठरवणाऱ्या ‘इनिशियल-सेशन-स्टेट’चा ‘क्रिएट-डिफॉल्ट’ घ्यायचा, ‘इम्पोर्ट-पीएस-मॉड्यूल’ला नावं द्यायची, त्यावरून रनस्पेस बनवायची, ‘ओपन’ करायची आणि पॉवरशेलच्या ऑब्जेक्टला जोडायची. शेवटचं जोडणंच राहून गेलं, तर तो ऑब्जेक्ट आपली कोरी रनस्पेस घेऊन बसतो.

इथेही एक खोच आहे. मॉड्यूलचं नाव चुकलं तरी ‘ओपन’ सहसा हूं की चूं करत नाही. ‘थ्रो-ऑन-रनस्पेस-ओपन-एरर’ खरं केलं तरच तिथल्या तिथे तक्रार येते. हे मुळातच खरं असायला हवं होतं, असं आमचं ठाम मत.

नाव बरोबर, मॉड्यूलही जागेवर, तरी सापडत नसेल तर प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे का ते बघावं. त्याने सिस्टिम-३२ मागितलं की विंडोज त्याला गुपचूप सिस-वाव-६४मध्ये नेऊन सोडते, आणि ६४ बिटची मॉड्यूल तिथे नसतात. एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे स्क्रिप्ट चालू द्यायची की नाही हा नियम, तीही ३२ आणि ६४ बिटची वेगवेगळी, त्यामुळे एकीकडे परवानगी देऊन दुसरीकडे उपयोग नाही. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमचं खातं निराळं असतं. तुमच्या डॉक्युमेंट्समधलं मॉड्यूल त्याला कुठून दिसणार? ते प्रोग्रॅम फाइल्समधल्या विंडोज-पॉवरशेलच्या मॉड्यूल्स फोल्डरात ठेवावं.

आणि ‘इन्व्होक’ने रिकामी यादी परत दिली म्हणून सगळं सुरळीत झालं असं धरू नये. कित्येक चुका एक्सेप्शन न होता ‘स्ट्रीम्स’च्या ‘एरर’मध्ये निमूट पडून असतात. तिथेही काही हाती लागलं नाही, तर त्याच रनस्पेसमधून पीएस-मॉड्यूल-पाथ छापून घ्यावा आणि खिडकीतल्या पाथशेजारी ठेवून वाचावा.