युकुलेलेवर ‘सा’ शोधताना : माझा अनुभव

युकुलेले हे गिटारसारखे छोटे, चार तारांचे वाद्य शिकायला लागल्यावर पहिले चार महिने मी केवळ आकडे पाठ करत होते. ०००३ म्हणजे सी, २०१० म्हणजे एफ, ०२३२ म्हणजे जी आणि २००० म्हणजे ए मायनर. वाद्य हातात धरल्यावर सर्वांत वर येणारी तार ही चौथी. तिच्यापासून पहिल्या तारेपर्यंत मानेवरच्या कोणत्या फ्रेटवर, म्हणजे आडव्या पट्टीच्या घरात, बोट ठेवायचे, एवढेच हे आकडे सांगतात आणि शून्य म्हणजे तार मोकळी. या चार कॉर्डवर, म्हणजे एकदम छेडायच्या स्वरांच्या जुळण्यांवर, बरीच गाणी म्हणता येतात आणि मी ती म्हणतही होते. बोटांची टोके दुखणे, नव्या नायलॉनच्या तारा ताणल्या जाऊन सारख्या उतरणे, एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना ठेका अडखळणे, हे सगळे सरावाने आपोआप मार्गी लागले. अडचण वेगळीच होती. नवे गाणे समोर आले की नवा आकडा शोधावा लागे आणि तो मिळाला नाही, तर पुढे काय करायचे ते मला अजिबात कळत नसे.

माझी आत्या पुष्कळ वर्षे शास्त्रीय गायन शिकली आहे. एके संध्याकाळी माझे वाजवणे ऐकून तिने विचारले, “यातला सा कुठला?” मला उत्तर देता आले नाही. मी कॉर्डची नावे सांगू लागले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, बोटं कुठे ठेवायची ते तू मला सांगितलंस. त्या चार तारा म्हणतात काय, ते सांग.”

त्या प्रश्नाने माझ्या शिकण्याची दिशा बदलली. युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा चौथीपासून क्रमाने जी, सी, ई आणि ए या स्वरांत लावतात, आणि एक फ्रेट पुढे गेले की स्वर अर्धस्वराने चढतो, एवढे मला ठाऊक होते. मग मी वहीत प्रत्येक कॉर्डखाली चारही तारांचे स्वर लिहून काढले. सी कॉर्डमध्ये जी, सी, ई आणि पुन्हा वरचा सी. आत्याने हार्मोनियमवर पांढरी एक, म्हणजे सीची पट्टी, दाबून तोच सा धरला आणि माझ्या वहीत शेजारी लिहिले : प, सा, ग, सां. एफ कॉर्डचे झाले ध, सा, म, ध. जी कॉर्डचे झाले प, रे, प, नि. तारा चार असल्या, तरी प्रत्येक कॉर्डमध्ये वेगळे स्वर तीनच होते आणि ते एक सोडून एक घेतलेले होते : सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. चार महिने जे तीन वेगवेगळे आकार म्हणून मी घोकत होते, ती एकच रीत तीन ठिकाणी वापरलेली होती.

त्यानंतर स्केल, म्हणजे ओळीने चढत जाणारे स्वर, वाजवायला घेतले आणि तिथे मी चुकले. सर्वांत वरची तार सर्वांत खर्जातली असणार, असे गृहीत धरून मी चौथ्या तारेपासून सुरुवात केली आणि स्वर चढण्याऐवजी मध्येच खाली उतरला. युकुलेलेच्या प्रचलित जुळणीत चौथी तार खालच्या नव्हे, तर वरच्या जीला लावलेली असते. सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या तारेवरचा सी असतो. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईला गेलेल्या स्थलांतरितांनी सोबत नेलेल्या छोट्या तंतुवाद्यांपासून युकुलेले घडले, आणि खाली जाता जाता पुन्हा वर उडी घेणारी अशी जुळणी युरोपातल्या जुन्या गिटारींमध्येही होती. तिसरी तार सातव्या फ्रेटवर दाबली की चौथ्या मोकळ्या तारेचाच स्वर मिळतो, हे कानाने पडताळून पाहिल्यावर माझा गोंधळ संपला. मेजर स्केल तिसऱ्या तारेपासून सुरू होते : तिसरी तार मोकळी आणि दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तार मोकळी, पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेटवर, पहिली तार मोकळी, दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर. सा ते सां आठ स्वर पुरे होतात. हे बिलावल थाटाचे सगळे शुद्ध स्वर आहेत. आत्याला मात्र यातला गांधार किंचित चढा वाटला, आणि तिचा कान बरोबर होता. फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग पाडतात. तंबोऱ्याशी मिळून येणारा शुद्ध गांधार त्याहून अर्धस्वराच्या सुमारे सातव्या भागाने खाली असतो. इतका सूक्ष्म फरक तिने पहिल्याच ऐकण्यात टिपला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मेजर आणि मायनर यांतला फरक मी आधी पुस्तकी व्याख्येने पाठ केला होता. तो खरा समजला फ्रेट मोजल्यावर. सा ते ग चार अर्धस्वर, म ते ध चार, प ते नि चार; म्हणून सा, म आणि प यांवर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड मेजर. रे ते म मात्र तीनच, ग ते प तीन, ध ते सां तीन. म्हणून रे, ग आणि ध यांच्या कॉर्ड मायनर. निषादावरच्या कॉर्डमध्ये तर वरचा तिसरा स्वरही अर्ध्याने आखूड पडतो, म्हणून ती डिमिनिश्ड. म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर, हे तिच्या मधल्या स्वरावर, तो गांधार शुद्ध की कोमल यावर ठरते. हे वाद्यावर पाहण्यासाठी मी ए मेजर धरली : २१००. तिसऱ्या तारेवरचे बोट उचलले की २०००, म्हणजे ए मायनर. सी शार्पचा सी झाला, एकच स्वर अर्ध्याने उतरला आणि सगळ्या कॉर्डचा रंग पालटला. ते बोट मी कितीतरी वेळ ठेवत आणि उचलत बसले होते. डी मेजरच्या २२२० चे डी मायनरचे २२१० होते, तेही याच न्यायाने.

हीच युक्ती सी कॉर्डवर करून पाहिली, तेव्हा अडले. तिथला गांधार दुसऱ्या मोकळ्या तारेवर आहे आणि मोकळी तार आणखी खाली उतरवता येत नाही. मग कोमल गांधार तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर घ्यावा लागतो, दुसरी तार तिसऱ्या फ्रेटवर पंचमाला जाते आणि कॉर्ड होते ०३३३. सी आणि सी मायनर यांचे आकार इतके वेगळे का, हे मला कोणत्याही तक्त्याने सांगितले नव्हते.

बी फ्लॅटची ३२११ ही कॉर्ड मी अनेक आठवडे टाळत होते, कारण तिच्यात पहिले बोट आडवे टाकून दोन तारा एकदम दाबाव्या लागतात. स्वर लिहिण्याची सवय लागल्यावर ध्यानात आले, की ती ए मेजरच आहे, एक फ्रेट वर सरकवलेली. २१०० मधल्या प्रत्येक आकड्यात एक मिळवला की ३२११. ए मेजरमध्ये आडव्या बोटाचे काम मानेच्या टोकाशी असलेला नट करतो, एवढाच काय तो फरक. तोच आकार आणखी दोन फ्रेट सरकवला की ५४३३, म्हणजे पुन्हा सी. एवढे कळल्याने हात लगेच वळला असे नाही, पण त्या कॉर्डची भीती मात्र गेली.

या सगळ्याचा कस लागला तो आत्याला एक गाणे माझ्या साथीवर म्हणायचे होते तेव्हा. माझ्याकडे त्याच्या कॉर्ड सी, एफ, जी आणि ए मायनर अशा होत्या, आणि त्या पट्टीत वरचे स्वर तिच्या गळ्याला जड जात होते. तिने पांढरी सहा, म्हणजे एची पट्टी, मागितली. पूर्वी मी दुसरा तक्ता शोधला असता. आता सा, म, प आणि ध असे लिहून ए हा सा मानला आणि मोजत गेले : ए, डी, ई आणि एफ शार्प मायनर. शेवटची कॉर्ड मी कधीच वाजवली नव्हती. सा-ग-प मधला पंचम धैवतावर नेला की सा-ग-ध, म्हणजेच धैवताची मायनर कॉर्ड मिळते, हे आठवले. ए मेजरमध्ये पंचम दुसऱ्या मोकळ्या तारेवर असतो. तिथे दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवले आणि २१२० झाले. मी तार छेडताच आत्या म्हणाली, “हाच ध.”

या गाण्यात सध्या ई कॉर्ड तेवढी अडते. ४४४२ मध्ये वरच्या तीन तारा चौथ्या फ्रेटवर एका आडव्या बोटाने दाबल्या, की तेच बोट पहिल्या तारेला टेकते आणि तिचा आवाज दबतो. म्हणून रोज ती कॉर्ड धरून मी चारही तारा एकेक छेडते आणि ए हा सा धरून स्वर म्हणते : रे, प, नि, रे. शेवटचा रे अजून दहातून सहा-सातदाच स्वच्छ वाजतो.