पेन्शन कंपनीचं, मग पत्र खासदाराला का?

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गेले की कोणी ना कोणी हे विचारतंच. "काकू, पेन्शन काकांच्या कंपनीचं, वाढ कंपनी देत नाही. मग तुम्ही खासदारांना सरकारी कंत्राटांबद्दल पत्रं का लिहिता?" हातात फराळाची बशी घेऊन याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहिते आहे.

आमच्या ह्यांनी १९७१ ते १९९६ अशी पंचवीस वर्षं एकाच कंपनीत काढली. पेन्शनसाठी दर महिन्याला पगारातून पैसे कापले जायचे. ब्रिटनमध्ये अशा पेन्शनमध्ये महागाईप्रमाणे वाढ द्यायचं बंधन १९९५ च्या कायद्याने आलं, पण ते ६ एप्रिल १९९७ नंतरच्या नोकरीपुरतं, आणि तेही ठरावीक टक्क्यांपर्यंत. त्याआधीच्या नोकरीचं काय? एक लहानसा भाग सोडला, तर ते योजनेच्या नियमांवर आणि नियमांत काही नसेल तर कंपनीच्या मर्जीवर. ह्यांची सगळी नोकरी त्या तारखेच्या आधीची.

हे गेल्यावर निम्मं पेन्शन माझ्या नावावर आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली. पुढच्या एप्रिलमध्ये सरकारकडून ज्येष्ठांना मिळणारं पेन्शन १०.१ टक्क्यांनी वाढलं. कंपनीच्या पत्रात मात्र आदल्या वर्षीचाच आकडा होता. पुण्याला माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. ती फोनवर म्हणाली, "तुमच्याकडे डीए नसतो का गं?" तिला काय सांगणार? तिच्याच शेजारणीला ईपीएस-९५ चं, म्हणजे भारतातल्या खाजगी नोकरदारांच्या पीएफ योजनेतलं पेन्शन मिळतं. त्यालाही डीए नाही. महागाईची झळ त्या शेजारणीला आणि मला सारखीच लागते.

आधी आम्ही काही पेन्शनरांनी गट करून कंपनीलाच लिहिलं. पेन्शन फंड सांभाळणारे ट्रस्टी म्हणाले, कंपनीच्या संमतीशिवाय वाढ देता येत नाही. कंपनी म्हणाली, आम्ही कायदा पाळतो. ते खरंच आहे, आणि म्हणूनच वाट तिथे संपते. न्यायालयात जाऊन काही हाती लागणार नाही. संप करावा, तर निवृत्त माणूस कुठलं काम बंद पाडणार?

मग आमच्या गटातल्या एका बाईंनी विचारलं, "ह्या कंपनीचं गिऱ्हाईक कोण?" सरकार. म्हणजे आपण. ब्रिटनमधल्या सरकारी संस्था वर्षाला ३०० अब्ज पौंडांहून जास्त खरेदी करतात, आणि तो पैसा माझ्यासारख्यांच्या कराचाही आहे. मंडईत भाजी घेतानाही आपण चार प्रश्न विचारतो. इथे का विचारू नयेत?

सरकार असे प्रश्न आधीपासून विचारतंच. वर्षाला ५० लाख पौंडांहून मोठं केंद्र सरकारचं कंत्राट हवं असेल, तर आपल्या पुरवठादारांचे पैसे वेळेवर देतो हे कंपनीला २०१९ पासून दाखवावं लागतं. २०२१ पासून कार्बन कमी करण्याचा आराखडा द्यावा लागतो. निविदेचे निदान १० टक्के गुण समाजाला होणाऱ्या फायद्यासाठी ठेवलेले असतात. खुर्च्या पुरवणाऱ्याची थकबाकी विचारायची आणि त्या खुर्चीत पंचवीस वर्षं बसून काम केलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, हे मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. कायद्याप्रमाणे गुण देण्याचे निकष त्या कामाशी निगडित असावे लागतात, आणि तीस वर्षांपूर्वीच्या कामगाराच्या पेन्शनचा आजच्या कामाशी थेट संबंध लावणं अवघड आहे. हे मला मान्य आहे. पण वेळेवर पैसे देण्याची अट एका कामापुरती नाही, तिथे कंपनीचा एकूण व्यवहार बघतात. आम्हीही अशा कंपन्यांना कंत्राट देण्यावर बंदी मागत नाही. निविदेसोबत कंपनीने लिहून द्यावं: १९९७ पूर्वीचे पेन्शनर किती, त्यांना शेवटची वाढ कधी दिली, पेन्शन फंडात शिल्लक किती. एवढं कागदावर आलं की संचालक मंडळाला त्यावर बोलावंच लागेल.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने बुडालेल्या कंपन्यांच्या पेन्शनरांसाठी एक निर्णय जाहीर केला. मूळ योजनेत तशी तरतूद असेल, तर त्यांच्या १९९७ पूर्वीच्या पेन्शनलाही जानेवारी २०२७ पासून वाढ मिळेल. बातमी ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे अन्याय आहे हे सरकारला कळतं. मग ज्यांच्या कंपन्या नफ्यात आहेत आणि सरकारचीच कामं घेतात, ते आम्ही का मागे राहावं? आमच्या गटातले काही जण नव्वदीला आले आहेत. दर हिवाळ्यानंतर यादीतून दोन-तीन नावं कमी होतात.

मंडळातल्या कितीतरी जणांची मुलं-सुना अशाच कंपन्यांत सरकारी कामांवर आहेत. निविदा भरणारे हात त्यांचेच. पेन्शनचं पान त्यात का नाही, हे त्यांनी वरिष्ठांना एकदा विचारावं. आणि खासदाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा माझ्या पर्समध्ये नेहमी असतो. पुढच्या वेळी भेटलात की मागून घ्या.