दवाखान्यातील संगणक आणि रुग्णांचा विश्वास
सदाशिव पेठेतील माझ्या दातांच्या दवाखान्यात परवापर्यंत संगणकाचा पासवर्ड पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला होता. ती मी स्वतः फाडली. आता प्रत्येकाचे लॉगिन वेगळे आहे, आणि रोज रात्री बॅकअप घेतल्यावर हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली जाते. कारण ती जोडलेलीच राहिली, तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर, तिच्यावरील फायलीही कुलूपबंद करू शकते. एक्स-रे व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सवय मात्र अजून पुरती सुटलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजोबांची नोंद दाढ काढण्याच्या दिवशीच उघडली नाही तर काय, याची धास्ती मला अधिक वाटते.